पगारेनानांचा पिवळा बाक

परवा माझ्या भाच्याने नव्या बंगल्याच्या मागे लाकडी शेड बांधून घेतली. शेड कसली, कुदळ-फावडं आणि रिकाम्या कुंड्या ठेवायची खोली. पण आजकाल तिलाही थाट लागतो. सोबत अंगणात ठेवायला एक बाक आणि दोन खुर्च्या. रंग कुठला द्यावा म्हणून त्याने भर दुपारी रंगांच्या छटांचं शेडकार्ड माझ्यापुढे धरलं. मी म्हटलं, "संध्याकाळी दाखव. दिवे लागायच्या जरा आधी." तो हसला. त्याला वाटलं, आत्याचं आता काही खरं नाही. मी समजावत बसले नाही. जन्मभर वर्गातल्या पोरांना समजावून माझा घसा बसलाय. पण ते वाक्य तोंडातून गेलं आणि पगारेनाना आठवले. मग त्या दिवशी माझ्या हातून दुसरं काही झालं नाही.

आम्ही त्या कॉलनीत राहायला गेलो ते त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असेल. नाशिकरोडकडे जाताना लागणारी सरकारी नोकरांची कॉलनी. बैठी घरं, पुढे-मागे थोडी थोडी जागा, मधे कमरेएवढ्या भिंती. आमच्या डाव्या हाताला पगारे. नाना पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते, म्हणजे साहेबांनी आखलेले कालव्यांचे नकाशे पारदर्शक कागदावर शाईने उतरवायचे. उंच, सडसडीत, खिशाला कायम शाईचा डाग. मूळचे चांदवडकडचे. शांताकाकू घोटीच्या, ठेंगण्या, गोल, आणि भिंतीवरून बोलायला लागल्या की गॅसवरचं दूध उतू गेलंच म्हणून समजा. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल दोघंही कधी बोलले नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही.

नानांची एक गंमत होती. शाईची रेघ ओढताना हात हलू नये म्हणून ते श्वास रोखून धरायचे, आणि ती सवय ब्रश हातात घेतला तरी सुटत नसे. आपण भिंतीवरून विचारावं, "नाना, चहा घेणार का?" उत्तर नाही. ब्रश फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश जायचा, मग नाना श्वास सोडायचे आणि म्हणायचे, "घेतो की." तोवर माझा राग वर आलेला असायचा. मला उत्तरासाठी थांबायची सवय नाही.

अंबडला कारखाने उभे राहू लागले तेव्हा परदेशी यंत्रं ज्या लाकडी खोक्यांतून यायची, त्यांच्या फळ्या भंगारवाल्यांकडे मिळत. नानांनी त्या सायकलला बांधून आणल्या आणि मागच्या अंगणात काकूंसाठी खोपी उभी केली. कॉलनीत तिला सगळे खोपीच म्हणत. आत काकूंची खुरपी, झारी, बियाण्याच्या पुरचुंड्या. पुढे बाभळीचा एक दणकट बाक आणि दोन खुर्च्या. काकू मिरच्या, वांगी, शेवंती लावायच्या आणि गल्लीभर वाटून टाकायच्या. सकाळ-संध्याकाळ त्यांचा मुक्काम घरापेक्षा खोपीतच जास्त.

आमच्याकडचा पाऊस लाकडाला सोडत नाही. म्हणून दर वर्षी मे महिन्यात नाना सगळं रंगवायचे. आधी काचेच्या तुकड्याने जुने पोपडे खरवडायचे, मग जवसाचं तेल, मग रंगाचे दोन हात. "लाकडाला आधी तेल पाजावं," म्हणायचे, "तहानलेलं असलं की सगळा रंग पिऊन टाकतं आणि आपण दुकानदाराला शिव्या देतो." रंग निळा. दर वर्षी निळाच, आणि तोही आभाळासारखा फिका चालत नसे. शाळेच्या शाईचा हवा. नानांचा सगळा समाज बाबासाहेबांबरोबर बुद्धाकडे गेलेला. निळा त्यांच्या झेंड्याचा रंग. जयंतीच्या आधीची बैठक नानांच्या त्याच बाकाभोवती भरायची. मिरवणुकीच्या कापडी फलकावरची अक्षरं नाना स्वतः काढायचे आणि पोरं श्वास रोखून बघत बसायची.

समोरचे वकीलसाहेब एकदा नाना बाक रंगवत असताना मागच्या अंगणात डोकावून म्हणाले, "पगारे, तुमचं घर कुणाला सांगायला सोपं. पत्ता नको, रंग सांगितला की झालं." बोलणं गोड होतं आणि बोच सगळ्यांना कळली. नानांनी हातातली रेघ पूर्ण केली. मग म्हणाले, "हो ना. माझ्या बापाला रंगवायला दारच नव्हतं. मला बाक आहे, खोपी आहे. एवढं लाकूड मिळाल्यावर मी दुसरा कुठला रंग देणार?" वकीलसाहेब हसल्यासारखं करून घरात गेले. मी त्या दिवशी नानांना दोन कप चहा पाजला.

मग काकू पडायला लागल्या.

पहिल्यांदा पडल्या त्या हातात कुरडयांचं ताट घेऊन. संध्याकाळची वेळ, अंगण पायाखालचं, आणि बाकावर अशा आदळल्या की नडगी फुटली. "काय येंधळी मी," म्हणून स्वतःच हसल्या. मग एकदा खुर्चीला अडखळल्या. मग खोपीच्या दाराची चौकट कपाळाला लागली. नाना त्यांना मुंबईला दाखवून आले. आल्यावर कॉलनीत सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढलाय.

त्याच सुमाराला मी शाळेच्या फळ्याला लावायचा काळा रंग आणायला रविवार कारंजाजवळच्या हुसेनभाईंच्या दुकानात गेले होते. नाना तिथे शेडकार्ड घेऊन उभे. बाहेर उजेड कमी होत होता. नाना म्हणाले, "हुसेनभाई, जरा ट्यूब बंद करा."

"अरे पगारेसाब, अंधेरे में कोई रंग पसंद करता है क्या?"

"करा हो बंद."

हुसेनभाईंनी बटण दाबलं. नाना कार्ड हातभर लांब धरून, डोळे बारीक करून एकेका चौकोनाकडे बघत राहिले. मग पिवळ्याचा एक, पांढऱ्याचा एक आणि नारंगीचा एक असे लहान डबे घेतले. निळा घेतला नाही. मला बघून दचकले आणि पिशवीचं तोंड मुठीत आवळलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मागच्या दारातून बघितलं. नानांनी तीन फळ्यांना तीन रंग देऊन त्या अंगणाच्या टोकाला उभ्या केल्या होत्या. काकू पायरीवर बसलेल्या. नाना एक-एक फळी उचलून विचारत होते, "ही?"

"पांढरा दिसतो. पण वाळत घातलेलं धोतर समजून घडी घालायला नेईन."

"आणि ही?"

"नारंगी लांबून दिसतो हो. लय झ्याक दिसतो."

नानांनी ती फळी उलटी करून ठेवली. मग म्हणाले, "शांता, तेवढं सोडून दुसरं काहीही माग." दोघंही इतकी हसली की काकूंना ठसका लागला. मलाही हसू आलं. भगवा बाक आणि पगारेनाना! मग पिवळा ठरला, आणि मे महिन्याची वाट न बघता नानांनी तो लगेच दिला. ट्रकच्या मागच्या पट्ट्यासारखा, भडक, डोळ्यांत घुसणारा पिवळा.

मला राहवेना. सकाळी भिंतीवरून काकूंना सरळ विचारलं. त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि आवाज उतरवला. "बाई, डोळ्याच्या आतला पडदा सुकत चाललाय म्हणे. औषध नाय. आधी अंधारातलं जाईल, मग कडेचं, मग सगळंच. संध्याकाळचा निळा मला काळा दिसतो. बाक हाय तिथं भोक असल्यावानी वाटतं. म्हणून हे दिवेलागणीलाच रंग निवडत्यात. पण कोणाला बोलू नका हां, शपथ हाय तुम्हाला. कळलं का लोक हाताला धरून न्यायला लागतील. मला माझ्या पायानं हिंडायचंय. निदान माझ्या खोपीपर्यंत तरी."

त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. मी शपथ घेतली. नानांनी माझ्याआधीच घेतलेली होती, हे मला तेव्हाच कळलं.

पिवळा बाक आणि पिवळी खोपी बघून कॉलनीला विषय मिळाला. वकीलसाहेब म्हणाले, "काय पगारे, खंडोबा पावला वाटतं!" नाना हसले. ते बोलणं त्यांना लागलं नसावं. लागलं ते विलासचं. विलास म्हणजे जयंती मंडळाचा पुढारी, विशी-बाविशीचा पोरगा, तडफदार. नानांनीच त्याला अक्षरं काढायला शिकवलेलं. तो बैठकीसाठी चार पोरांना घेऊन आला आणि अंगणात पाय ठेवताच थांबला.

"नाना, निळा कुठंय?"

"पिवळा दिलाय या वर्षी."

"का पण?"

नानांनी घराकडे बघितलं. काकू आत चहा टाकत होत्या, खिडकी उघडी होती.

"आमच्या लहानपणापासून या बाकावर बसतोय आम्ही," विलास म्हणाला. "निळा पुसायला तुमचा हात कसा धजला? कोणी काही बोललं का? घाबरलात का नाना तुम्ही?"

बापाला रंगवायला दार नव्हतं असं वकिलाच्या तोंडावर सांगणाऱ्या माणसाला हा प्रश्न. मला वाटलं, भिंत ओलांडून जावं आणि त्या पोराचा कान पिरगाळावा. पण शपथ होती. नाना म्हणाले, "लाकूड माझं, हात माझा. बसायचं तर बसा." इतकं तुटक बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. पोरं उभ्या उभ्या चहा पिऊन गेली.

पुढच्या वर्षी बैठक दुसरीकडे भरली. फलक एका पेंटरकडून करून घेतला. अक्षरं वाकडी आली होती. मिरवणूक आमच्या रस्त्यावरून निघाली तेव्हा नाना पांढराशुभ्र शर्ट घालून फाटकाशी उभे होते. दर वर्षी पोरं त्यांना हात धरून पुढे न्यायची. त्या वर्षी ढोल वाजत समोरून गेले. कोणी शिवी दिली नाही, कोणी अपमान केला नाही. नुसतं कोणी थांबलं नाही. नानांनी प्रत्येकाला "जय भीम" म्हटलं. काहींनी उत्तर दिलं. शेवटची हातगाडी गेल्यावर त्यांनी फाटकाची कडी लावली आणि मागच्या अंगणात गेले. काकू विचारत होत्या, "यंदा आपल्याकडं बैठक कशी नाय झाली?" नाना म्हणाले, "पोरं वाढली. आपलं अंगण पुरत नाही आता." मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. मला रडणाऱ्या माणसांचा राग येतो, तरी रडले.

अशी वर्षं गेली. नाना निवृत्त झाले. दर मे महिन्यात शेडकार्ड यायचं, संध्याकाळी फळ्या मांडल्या जायच्या, काकू पायरीवर बसून सांगायच्या, "यंदा जरा उजळ घ्या." पिवळा उजळ होत होत लिंबासारखा झाला. काकू तुरुतुरु चालत बाकाशी जायच्या, हात टेकायच्या, तिथून खोपीत. कॉलनीत अजूनही कोणाला काही माहीत नव्हतं. काकू गर्विष्ठ झाल्यात, ओळख दाखवत नाहीत, असं मात्र बायका म्हणायच्या.

मग काकू मधेच, दसऱ्यालाही म्हणायला लागल्या, "अहो, रंग उतरलाय. पुन्हा एक हात मारा." संक्रांतीला पुन्हा तेच. नाना मुकाट्याने डबा आणायचे. मला वाटलं, बाईचा हट्ट वाढला.

एकदा रंगवायला सुरुवात करतानाच हवा फार सुटली म्हणून नानांनी उघडा डबा नळाच्या आडोशाला नेऊन ठेवला होता. काकू घरातून आल्या आणि सरळ, न अडखळता नळाकडे निघाल्या. तिथे पोचल्या, साडी सावरली आणि बसायला वाकल्या. खाली काही नव्हतं. फरशी आणि नळ. नानांनी ब्रश टाकला आणि मी आयुष्यात कोणा म्हाताऱ्याला इतक्या चपळाईने धावताना पाहिलं नाही. खुर्ची उचलून त्यांनी काकूंच्या खाली सरकवली. काकू टेकल्या. खुर्चीच्या हाताला चाचपलं. चेहरा क्षणभर गोंधळला. मग म्हणाल्या, "किती छान दिसतोय हो यंदाचा."

"हो," नाना म्हणाले. "चांगला उठलाय."

संध्याकाळी ते भिंतीशी आले. "बाई, तुम्ही बघितलंत ना?"

मी मान हलवली.

"रंग उतरलेला नसतो. वास उतरलेला असतो. ताज्या रंगाच्या वासावर चालते ती. कधीपासून दिसत नाही, देव जाणे." देव हा शब्द त्यांच्या तोंडून मी तेवढाच एकदा ऐकला.

मी आपलं मास्तरणीचं डोकं चालवलं. म्हटलं, "नाना, मग आता निळा द्या की. वास तर तोच. विलास येईल, पोरं येतील. किती दिवस हे असं एकट्याने सोसायचं?"

नाना म्हणाले, "डबा उघडला की ती विचारते, कुठला आणलात. निळा आणला म्हणालो तर तिला कळेल की मला कळलंय. मला ते कळलेलं नाही, यावर ती चालतेय बाई. त्या दिवशी ती पायरीवरच बसून राहील." मग भिंतीवरचा चुना नखाने खरवडत म्हणाले, "मला काळजी दुसरीच आहे. मी गेल्यावर रंग कोण देणार?"

"मी देईन."

"तुम्हाला नाही जमणार. रंगवताना गप्प राहावं लागतं."

आम्ही दोघंही हसलो. त्या हिवाळ्यात त्यांना छातीत दुखायला लागलं होतं. डॉक्टरांनी जड काम बंद सांगितलं होतं. ते मला मागाहून कळलं.

नाना मार्चमध्ये गेले. सकाळी दाढी करता करता. जयंतीला महिनाही उरला नव्हता. अंगण माणसांनी भरलं. भन्तेजींनी वंदना घेतली. विलास आला होता; आता त्याचं लग्न झालं होतं, अंगाने भरला होता. तो बाकापाशी उभा होता, बसत नव्हता. कोणीतरी हळूच म्हणालं, "शेवटपर्यंत काही निळा दिला नाही नानांनी."

काकूंचे कान तिखट. त्या पायरीवर बायकांच्या मधे बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "कोण बोललं ते? विलास, तू हाय का?"

विलास पुढे आला. त्यांच्या समोरच उभा राहिला तरी काकूंची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे, भिंतीकडे होती. तेव्हा सगळ्यांना दिसलं.

"मला दिसत नाय बाबा. लय वर्षं झाली. संध्याकाळी निळा दिसंना म्हणून त्यांनी पिवळा दिला. मी कोणाला सांगू दिलं नाय. तुम्ही येईना झालात त्याचं कारण बी मला कळलं होतं, पण मी बोलले असते तर मला दिसतंय हे खोटं ठरलं असतं. मला दिसत नाय हे त्यांना माहीत होतं. त्यांना माहीत हाय हे मला माहीत होतं. पण संध्याकाळी रंग निवडायला दोघं बसायचो ना, ते मला सोडवंना." मग हात जोडून म्हणाल्या, "आता त्यांना कोणी काही बोलू नका."

विलास तिथेच जमिनीवर बसला. एवढा मोठा गडी, पण त्याला उठवायला दोघं लागले. मला त्याच्याबद्दल वर्षानुवर्षं राग होता. तो त्या दिवशी गेला, आणि नाना हे बघायला नव्हते याचं दुःख त्या जागी येऊन बसलं. ते अजून आहे.

पुढे काकूंना त्यांची भाची घोटीला घेऊन गेली. तिथे त्या हाताला धरूनच हिंडल्या असतील. मला विचारवलं नाही.

नानांना मी नीट असं शेवटचं पाहिलं ते त्यांच्या जाण्याच्या आदल्या आठवड्यात. दुपारची वेळ. शाळेला सुट्टी होती आणि मी मागच्या दारात गहू निवडत होते. नाना घरातून आले. चपला काढून पायरीच्या कडेला ठेवल्या. खांद्यावरचा टॉवेल घेतला, त्याची घडी केली आणि डोळ्यांवर बांधून मागे गाठ मारली. मला काही कळेना. मग हात पुढे करून ते निघाले. पायाने जमीन चाचपत, मधेच थांबत, मान जरा वर करून वाऱ्याचा वास घेत. बाकाला रंग देऊन बरेच दिवस झाले होते. आता त्याला वास नव्हता; रंग द्यायला कोणी नसेल तेव्हाही तो नसणार होता. ते बाकाच्या डावीकडून चुकले, पुन्हा वळले, आणि बाकाची कड सरळ त्यांच्या गुडघ्यावर बसली. ते आपटले. मी सूप टाकून उठले, पण त्यांना हाक मारायचा धीर झाला नाही. ते तसेच जमिनीवर बसून गुडघा चोळत होते. डोळ्यांवरचा टॉवेल काढला नव्हता.

आतून काकूंचा आवाज आला. "अहो, काय पडलं?"

"काही नाही गं. रंग बघतोय."

"कसा वाटतोय?"

"चांगला आहे," नाना म्हणाले. मग भिंतीला हात लावत लावत पायरीपर्यंत मागे आले आणि पुन्हा पहिल्यापासून चालायला लागले.